स्पर्शबंदीचा हंगाम

२५ मे २०११. सॅन फ्रान्सिस्कोतला बेसबॉलचा सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला होता. फ्लोरिडा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स तिसऱ्या बेसवरून जीव तोडून होम प्लेटकडे धावत सुटला आणि तिथे चेंडूची वाट पाहत बसलेल्या, यजमान जायंट्सच्या बस्टर पोझीवर खांदा पुढे करून आदळला. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले. आदल्याच वर्षी जायंट्सच्या विजेतेपदात मोठा वाटा उचललेल्या या चोवीस वर्षांच्या कॅचरचा हंगाम त्या रात्री संपला. कझिन्सने कुठलाही नियम मोडला नव्हता. प्लेट अडवून बसलेल्या कॅचरला धडक देऊन त्याच्या हातून चेंडू पाडणं, हा तोवर खेळाचाच भाग मानला जाई. २०१४ च्या हंगामापासून नियम बदलला. आपली वाट सोडून कॅचरच्या अंगावर जाणारा धावपटू बाद ठरू लागला आणि चेंडू हातात नसताना धावपटूची वाट अडवायला कॅचरलाही मनाई झाली. लोक त्याला आजही पोझीचा नियम म्हणतात.

१० जुलै २०२० रोजी याच पोझीने जाहीर केलं की यंदा आपण खेळणार नाही. त्याने आणि त्याच्या पत्नीने जुळ्या मुली दत्तक घेतल्या होत्या. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या त्या मुलींना जपायचं होतं आणि अमेरिकेत कोरोनाची साथ वाढतच होती. बेसबॉलमधल्या अंगाला अंग भिडण्याचे नियम ज्याच्या मोडलेल्या पायामुळे बदलले, त्यालाच नऊ वर्षांनी वेगळ्या प्रकारच्या सान्निध्याला नकार द्यावा लागला. पहिल्या प्रसंगात धोका डोळ्यांना दिसत होता, नियमात बांधता येत होता. दुसऱ्या प्रसंगात तो श्वासातून येत होता आणि मैदानावर तर तो फारसा नव्हताच. या दोन धोक्यांमधला फरक बेसबॉलला कसा उमगला आणि उमगायला किती उशीर झाला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला क्रिकेट श्वासाइतकं परिचित आहे, बेसबॉल मात्र लांबून पाहिलेला. लांबून पाहिलं की तो अंतराचा खेळ वाटतो. पिचर आणि होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच, एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट, आणि बाहेरचे तीन क्षेत्ररक्षक तर हाकेच्याही पलीकडे. कबड्डीसारखी पकड नाही, अमेरिकन फुटबॉलसारखी झोंबाझोंबी नाही. २०२० च्या वसंतात अमेरिकेत अनेकांनी हाच हिशेब मांडला होता: सगळे खेळ थांबले तरी बेसबॉल सुरू ठेवता येईल, कारण या खेळात माणसं मुळातच एकमेकांपासून दूर उभी असतात.

हा हिशेब अर्धाच खरा होता. कॅचर उकिडवा बसतो, त्याच्या पुढ्यात बॅट घेऊन खेळाडू उभा राहतो आणि अंपायर कॅचरच्या खांद्यावरून वाकून पाहतो. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साधारण तीनशे चेंडू टाकले जातात आणि दर चेंडूला हे तिघं हातभर अंतरावर असतात. पहिल्या बेसवर पोहोचलेला खेळाडू प्रतिस्पर्धी क्षेत्ररक्षकाला खेटून उभा राहतो, बहुतेक वेळा गप्पाही मारतो. त्याहून मूलभूत गोष्ट म्हणजे बाद करण्याची रीत. क्रिकेटमध्ये धावबाद करायला चेंडूने यष्टी उडवली की पुरे, फलंदाजाला हात लावावा लागत नाही. बेसबॉलमध्ये अनेक प्रसंगी चेंडू धरलेला हात किंवा ग्लोव्ह धावपटूच्या अंगाला लावावाच लागतो; यालाच टॅग म्हणतात. आपल्या खो-खोशी या खेळाचं नातं इथे जुळतं. अशा वेळी शिवल्याशिवाय बाद नाही.

शिवण्याची ही रीत कित्येकदा हाणामारीच्या कडेवर जाऊन पोहोचली. १४ जुलै १९७० ला सिनसिनाटीत ऑल-स्टार सामना चालू होता, म्हणजे गुणतक्त्यात ज्याची किंमत शून्य असा प्रदर्शनीय सामना. तोही बाराव्या इनिंगमध्ये गेला होता. पीट रोझने कॅचर रे फॉसीला उडवून विजयी धाव काढली आणि फॉसीचा खांदा मोडला. त्या धडकेचं चित्रण पुढे वर्षानुवर्षं कौतुकाने दाखवलं गेलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये चेस अटलीने दुसऱ्या बेसकडे घसरत जाऊन न्यूयॉर्क मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला. पुढच्याच हंगामात तशा घसरण्यावर बंधन आलं. एखाद्याचं हाड मोडल्याखेरीज या खेळात स्पर्शाचा नियम बदलत नाही, असं म्हणण्याइतका हा इतिहास बोलका आहे.

आणि एकदा तर जीव गेला. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजने टाकलेला चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मरण पावला. पिचरच्या चेंडूने जीव गमावलेला मेजर लीगमधला तो आजवरचा एकमेव खेळाडू. त्या काळी एकच चेंडू दीर्घकाळ वापरला जाई. थुंकी, तंबाखूचा रस आणि माती यांनी तो इतका काळवंडायचा की संध्याकाळच्या उजेडात दिसतही नसे. थुंकी लावून चेंडू टाकण्यावर त्याच हंगामापासून बंदी आली होती, पण आधीपासून तसे चेंडू टाकणाऱ्या सतरा पिचरांना सवलत होती. त्यांतला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत थुंकी लावूनच खेळला. चॅपमनच्या मृत्यूनंतर मळलेला चेंडू लगेच बदलण्याची शिस्त आली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, अनेकांचे हात लागलेला चेंडू पुन्हा बाजूला काढला जाऊ लागला. या वेळी कारण मळ नव्हतं, हातच होते.

साथ आणि बेसबॉल यांची गाठ त्याआधीही पडली होती. १९१८ चा हंगाम आटोपता घेतला गेला तो युद्धामुळे. वर्ल्ड सिरीज सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकली, आणि त्याच सुमारास बॉस्टनमध्ये इन्फ्लुएंझा भडकत होता. नावाजलेला अंपायर सिल्क ओ'लॉफलिन त्याच डिसेंबरमध्ये त्या तापाने गेला. पण तेव्हा खेळाने साथीसाठी स्वतःचे नियम असे काही केले नाहीत.

२०२० मध्ये केले, आणि सविस्तर केले. ११ मार्चला बास्केटबॉलपटू रुडी गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीए तिथल्या तिथे थांबलं. दुसऱ्या दिवशी बेसबॉलचे सराव सामने बंद झाले. मग तीन महिने मालक आणि खेळाडूंची संघटना पगारावरून भांडत राहिले. जूनअखेर आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी १६२ ऐवजी ६० सामन्यांचा हंगाम लादला आणि सोबत आली ११३ पानांची नियमपुस्तिका. थुंकायचं नाही. सूर्यफुलाच्या बिया आणि तंबाखू बंद, च्युइंगगम चालेल. पिचरने बोटं चाटायची नाहीत, ओला कपडा खिशात ठेवायचा. टाळ्या, मिठ्या, मुठीला मूठ लावणं बंद. अंपायरशी वाद घालताना सहा फुटांच्या आत आलं तर शिक्षा, मारामारी केली तर त्याहून मोठी. दिवसाआड लाळेची चाचणी. नमुने युटा राज्यातल्या ज्या प्रयोगशाळेत जात, तिचं मूळ काम खेळाडूंमधली उत्तेजकं शोधण्याचं.

यातली टाळ्यांवरची बंदी एका माणसाला फार वेगळी लागली असणार. हवेत हात उंचावून एकमेकांच्या तळव्यावर टाळी देण्याची, जगभर हाय-फाइव्ह म्हणून पसरलेली पद्धत २ ऑक्टोबर १९७७ रोजी डॉजर स्टेडियममध्ये जन्मली असं सामान्यपणे मानलं जातं. डस्टी बेकरने हंगामातला तिसावा होम रन मारला आणि सहकारी ग्लेन बर्क हात वर करून त्याच्यापुढे उभा राहिला. बेकरने त्या हातावर टाळी दिली. २०२० मध्ये बेकर ७१ वर्षांचा होता, कर्करोगातून उठलेला, आणि ह्यूस्टन अॅस्ट्रोजचा व्यवस्थापक. वय आणि आजारपणामुळे तो धोक्याच्या गटात होता, आणि आपल्या खेळाडूंनी एकमेकांना टाळी देऊ नये हे पाहणं आता त्याच्याच कामाचा भाग होतं.

२३ जुलैला वॉशिंग्टनमध्ये रिकाम्या स्टेडियमवर हंगाम सुरू झाला. पहिला औपचारिक चेंडू टाकायला साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची आले होते. त्याच दिवशी यजमान संघाचा एकवीस वर्षांचा तारा हुआन सोटो याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तो बाहेर बसला. उद्घाटनाच्या दिवशीच पुढचं सगळं दिसायला हवं होतं.

तीन दिवसांत ते दिसलं. फिलाडेल्फियाच्या दौऱ्यावर गेलेल्या मायामी मार्लिन्सच्या काही खेळाडूंना लागण झाल्याचं २६ जुलैच्या सामन्याआधीच कळलं होतं. तरीही सामना झाला. तो खेळायचा की नाही याची चर्चा खेळाडूंनी मोबाईलवरच्या सामूहिक संदेशांत केली. आठवडाभरात बाधित खेळाडूंची संख्या अठरावर गेली आणि संघ आठ दिवस खेळाबाहेर राहिला. आता मुख्य मुद्दा. या बाधित संघाविरुद्ध तीन सामने खेळलेल्या फिलाडेल्फिया फिलीजच्या एकाही खेळाडूला लागण झाल्याचं आढळलं नाही. तीन दिवस टॅग झाले, प्लेटमागे तिघांची दाटी झाली, एकच चेंडू दोन्ही संघांच्या हातांतून फिरला. विषाणू मात्र आपल्याच माणसांत पसरला. मार्लिन्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेरेक जीटर यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं की हॉटेलात वावरताना, कॉफीला एकत्र जाताना खेळाडू सैल पडले होते.

सेंट लुइस कार्डिनल्सची गतही तशीच झाली. दोन आठवड्यांहून अधिक काळ ते मैदानावर उतरले नाहीत. परतीचा पहिला सामना शिकागोत होता आणि बसमध्ये एकत्र बसायची सोय उरली नव्हती, म्हणून एक्केचाळीस भाड्याच्या गाड्या घेऊन संघ हमरस्त्याने निघाला. मग त्यांनी ४४ दिवसांत ५३ सामने खेळले. वेळ वाचावा म्हणून एका दिवशी दोन सामने असले की ते नऊऐवजी सात इनिंगचे केले होते, तरीही हा भार थक्क करणारा आहे.

या घटनांमधून एक निष्कर्ष निघतो आणि तो स्पष्ट मांडायला हवा. नियमपुस्तिकेचा बराच जोर कॅमेऱ्याला दिसणाऱ्या स्पर्शावर होता. धोका डगआउटमध्ये, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर, हॉटेलच्या लॉबीत होता. खेळाचे नियम नऊ इनिंगपुरते असतात. साथ उरलेल्या वीस-एकवीस तासांत फिरते. हे लक्षात आल्यावर लीगने दौऱ्यावरच्या प्रत्येक संघाबरोबर नियमपालनावर लक्ष ठेवणारा माणूस नेमला आणि हॉटेलबाहेर पडण्यावर बंधनं आणली. शहाणपण आलं, पण अठरा खेळाडू आजारी पडल्यावर.

क्लीव्हलँडचं उदाहरण या दृष्टीने सगळ्यात बोचरं आहे. ऑगस्टमध्ये झॅक प्लीसॅक आणि माइक क्लेव्हिंजर हे दोन पिचर शिकागोत नियम मोडून रात्री बाहेर पडले. त्याच संघात कार्लोस करास्को होता, आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाशी झुंजून परतलेला. मैदानावर या तिघांनी एकमेकांना हात लावला की नाही हा प्रश्नच गैरलागू होता. सहकारी संतापले, दोघांना संघापासून दूर धाडण्यात आलं आणि महिनाअखेर क्लेव्हिंजर दुसऱ्या संघाला देऊन टाकला गेला. ड्रेसिंग रूममध्ये एकमेकांच्या जिवाची जबाबदारी काय असते, हे त्या संघाला नियमपुस्तिकेने सांगावं लागलं नाही.

माणसाचा संताप मात्र पुस्तिकेने आवरत नाही. ९ ऑगस्टला ओकलंडमध्ये अॅस्ट्रोजविरुद्धच्या मालिकेत तिसऱ्यांदा चेंडू अंगावर बसल्यावर यजमान संघाच्या रमोन लॉरेआनोचा तोल सुटला. अॅस्ट्रोजचे प्रशिक्षक अॅलेक्स सिंट्रॉन यांनी डिवचल्यावर तो सरळ प्रतिस्पर्ध्यांच्या डगआउटकडे धावला आणि दोन्ही संघ अंतर, मास्क, सगळं विसरून एकमेकांवर कोसळले. सिंट्रॉन यांना वीस सामन्यांची बंदी मिळाली, लॉरेआनोला सहा, नंतर कमी करून चार. चिथावणाऱ्याला मोठी आणि चिडलेल्याला लहान शिक्षा हा निवाडा योग्यच होता.

आशियातल्या बेसबॉलने हे प्रश्न आधी हाताळले होते. तैवानमध्ये एप्रिलच्या मध्यालाच सामने सुरू झाले. ताओयुआनच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या जागी पुतळे आणि ढोल वाजवणारे यंत्रमानव होते. दक्षिण कोरियात ५ मेला, बालदिनी, हंगाम उघडला आणि अमेरिकेतले भुकेले प्रेक्षक मध्यरात्रीनंतर जागून ते सामने पाहू लागले. तिथेही थुंकण्याला आणि उघड्या हाताने टाळी देण्याला मनाई होती. फरक असा की कोरियातली साथच तोवर आटोक्यात होती, आणि १४४ सामन्यांचं संपूर्ण वेळापत्रक पार पडलं. खेळ सुरक्षित राहायला आधी शहर सुरक्षित लागतं. जपानमध्ये व्यावसायिकांचा हंगाम १९ जूनला सुरू झाला, पण शाळकरी मुलांची कोशिएनची उन्हाळी स्पर्धा रद्द झाली, जी याआधी १९१८ च्या तांदूळ दंगलींमुळे आणि मग महायुद्धामुळेच रद्द झाली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची ती संधी गेली ती गेलीच.

आपल्याकडच्या वाचकाला या साऱ्याचे पडसाद ओळखीचे वाटतील. मार्च २०२० मध्ये फातोर्ड्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या स्टेडियमवर झाला आणि पुढचा अख्खा हंगाम गोव्यातच, मडगाव, बांबोळी आणि वास्कोच्या तीन मैदानांवर, बायो-बबलमध्ये खेळला गेला. तो मुंबई सिटीने जिंकला. आयपीएलने अमिरातीत जाऊन २०२० निभावलं, पण २०२१ मध्ये देशात शहरोशहरी फिरताना ४ मेला स्पर्धा थांबवावी लागली. २०२२ ची साखळी फेरी मुंबई, नवी मुंबई आणि गहुंजे इथेच झाली, त्यामागेही प्रवास टाळण्याचाच विचार होता. प्रो कबड्डीचा तर प्राणच पकड, म्हणून ती २०२० मध्ये झालीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूच्या एका हॉटेलच्या आवारात, प्रेक्षकांविना, ती परतली. कबड्डीत स्पर्श लपवता येत नाही, त्यामुळे तिथे कुणी स्वतःची फसवणूकही केली नाही. बेसबॉलला मात्र आपल्या अंतराचा भरवसा नडला.

कुणाला नकार देणं परवडलं, हा या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. पोझी, वॉशिंग्टनचा रायन झिमरमन, डॉजर्सचा डेव्हिड प्राइस यांनी माघार घेतली. स्वतः जोखमीच्या गटात नसलेल्याने माघार घेतली तर पगार बुडत होता. घरच्यांच्या जिवासाठी तो सोडणं कोट्यधीश खेळाडूला जमतं. प्राइसने त्याआधी डॉजर्सच्या कनिष्ठ संघांतल्या खेळाडूंना प्रत्येकी हजार डॉलर दिले होते, कारण त्यांची दैना त्याला दिसत होती. ३० जूनला मायनर लीगचा हंगामच रद्द झाला आणि पुढच्या वर्षी मोठ्या संघांशी जोडलेल्या कनिष्ठ संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली गेली. जे खेळले त्यांनीही किंमत मोजली. अटलांटाच्या फ्रेडी फ्रीमनला १०४.५ अंश ताप चढला आणि आपण वाचावं म्हणून त्याने देवाची प्रार्थना केली. त्याच हंगामात तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉस्टनचा एडुआर्डो रॉड्रिगेझ, ज्याने २०१९ मध्ये एकोणीस सामने जिंकले होते, कोरोनानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आल्यामुळे संपूर्ण हंगाम घरी बसला. फ्रीमनची गोष्ट सांगायची आणि रॉड्रिगेझची विसरायची, हा अन्याय होईल.

ठरलेल्या ९०० सामन्यांपैकी ८९८ झाले. लीगसाठी हे यश होतं आणि ते नाकारण्याचं कारण नाही. पण २७ ऑक्टोबरला आर्लिंग्टनमध्ये, साधारण अकरा हजार प्रेक्षकांसमोर, डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा काय घडलं तेही सांगितलं पाहिजे. जस्टिन टर्नरचा चाचणी अहवाल पॉझिटिव्ह आल्यामुळे आठव्या इनिंगच्या सुमारास त्याला बाहेर काढलं होतं. विजयानंतर तो मैदानावर परत आला, सहकाऱ्यांना मिठ्या मारल्या, आणि संघाच्या छायाचित्रात मास्क खाली करून व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांच्या शेजारी बसला. रॉबर्ट्स कर्करोगातून बरे झालेले. टर्नरने नंतर माफी मागितली, लीगने शिक्षा केली नाही. बत्तीस वर्षांनी आलेलं विजेतेपद समजून घेता येतं, पण ती चूक होती. ती एकट्या टर्नरचीही नव्हती. त्याला मैदानावर यायला उत्तेजन देणारे सहकारी तिचे भागीदार होते आणि थांबवू न शकलेली लीगही.

वाचकांना एक विनंती. पुढची प्रकरणं कालक्रमाने आहेत, पण बेसबॉल नवा असेल तर आधी होम प्लेटवरच्या धडकांचं प्रकरण वाचा, मग मार्लिन्सचं. पहिल्यातला स्पर्श सगळ्यांना दिसत होता तरी नियम यायला पोझीच्या पायाचं हाड मोडावं लागलं. दुसऱ्यातला कुणालाच दिसत नव्हता. मायनर लीगवरचं प्रकरण सर्वांत लहान आहे, कारण त्या खेळाडूंबद्दल लिहिलंच कमी गेलं. ते वगळू नका.